माझ्या मांडीवर बसलेली मुलं

मला टीबी झाला तेव्हा मी लहान मुलांच्या आरोग्यावरच्या एका संशोधनात काम करत होते. रायपूरबाहेरच्या उरल्याच्या कारखान्यांमागच्या वस्तीत घरोघर जायचं, मुलांना मांडीवर घ्यायचं, त्यांच्याशी खेळायचं, हे माझं काम. आजार फुप्फुसाचा होता आणि थुंकीत जंतू सापडले होते. ज्यांना हा आजार माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की अशा माणसाने चार भिंतींच्या आत कोणाजवळ खोकायचं नसतं, आणि लहान मुलांजवळ तर नाहीच.

मी पूर्ण बरी झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्याच्या घरात आत्ता हा आजार आहे त्याला पहिल्यांदा तेवढंच ऐकायचं असतं. औषधं न चुकता घेतली की माणूस बरा होतो. पण बरं झाल्यावरही काहीतरी मागे राहतं, आणि त्याबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे.

खोकल्याचे दिवस

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. भोपाळहून फायली आणि माणसं येत होती, भाड्याची घरं मिळेनाशी झाली होती. माझे पती दिलीप मंत्रालयात कारकून होते. मंत्रालय तेव्हा एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं. नव्या राज्यातली मुलं कशी वाढतायत हे सगळ्यांनाच जाणून घ्यायचं होतं, आणि आमच्या मॅडमनी, म्हणजे मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या एका बालरोगतज्ज्ञांनी, त्यावर एक अभ्यास सुरू केला होता. पहिल्या तीन वर्षांत मुलाला कसं सांभाळलं जातं, त्याच्याशी किती बोललं जातं, किती खेळलं जातं, आणि त्याचा त्याच्या वाढीशी काय संबंध आहे, असा विषय. माझं समाजकार्याचं शिक्षण नागपूरला झालेलं. मॅडमना वस्तीत बसून बोलणारी बाई हवी होती. मी गेले.

काम मला मनापासून आवडायचं. वजनाचा काटा, रंगीत ठोकळे आणि एक कापडी बाहुली घेऊन मी आयांमध्ये बसायचे. मूल मांडीवर घेऊन त्यांना दाखवायचे, बघा, असं बोलायचं. त्याच्या डोळ्यांत बघा. तुमचं तोंड त्याच्या तोंडाजवळ न्या, त्याला तुमचे ओठ हलताना दिसू द्या. बायका आधी हसायच्या, मग करून बघायच्या.

त्यांच्यात दुलारी नावाची एक होती. नवरा रोलिंग मिलमध्ये पाळीवर जायचा, घर म्हणजे एक खोली आणि पुढे पत्र्याची पडवी. तिची मुलगी गौरी दीड वर्षाची होऊनही चालत नव्हती आणि परक्या कोणाकडे जात नव्हती. माझ्याकडे यायची. याचा मला अभिमान होता. घरी येऊन मी तो बोलूनही दाखवायचे.

खोकला दिवाळीनंतर लागला. उरल्यात सगळेच खोकतात. तिथे दोरीवर वाळत घातलेला पांढरा कपडा संध्याकाळी करडा होऊन खाली येतो. मी धूळ म्हटलं आणि दुकानातून खोकल्याची बाटली आणली. वजन उतरत होतं. सदर बाजारातल्या शिंपिणीने ब्लाउजचं माप घेताना म्हटलं, दीदी, आप तो एकदम स्लिम हो गईं, आणि मला बरं वाटलं. रोज मुलांची वजनं घेणाऱ्या बाईला स्वतःचं घटलेलं वजन बरं वाटलं. सासूबाई मात्र मागे लागल्या होत्या. त्यांची धाकटी बहीण भंडाऱ्याला क्षयाने गेली होती, तो खोकला त्यांनी जवळून ऐकला होता. मी त्यांना सांगत राहिले की एवढं सर्व्हेचं काम संपलं की दाखवते.

एका दुपारी दुलारीच्या पडवीत गौरी माझ्या मांडीवर झोपली. मला उबळ आली. मी मान वळवून रुमाल तोंडाला लावला, आणि रुमालावर लाल दिसलं. मी रुमाल मुठीत दाबला. पहिला विचार काय आला तेही सांगते. पोरगी उठेल, हा. म्हणून मी तशीच बसून राहिले, तिच्या डोक्याला हात लावून. दुलारी चहा घेऊन आली, तेव्हा मी गौरीला तिच्याकडे दिलं आणि चहा न घेताच निघाले.

निदान

एक्स-रे झाला, थुंकी तपासली. डॉक्टरांनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला आणि हिंदीत, अगदी साध्या आवाजात सांगितलं की टीबी आहे, बरा होईल, औषधं मध्ये सोडायची नाहीत. मग विचारलं, घरात लहान मूल आहे का.

मी म्हटलं, एक आहे.

मिताली तेव्हा चार वर्षांची होती. डॉक्टर तिच्या तपासणीबद्दल सांगत होते, दिलीप मान डोलावत होते, आणि मला एक एक घर दिसू लागलं होतं. कोणाच्या घरात किती वेळ बसले. कोणाच्या खोलीला खिडकीच नव्हती. कोणत्या बाळाने माझा पदर तोंडात घातला होता. मी डॉक्टरांना म्हटलं, एक नाही. आणि माझं काम काय ते सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ते मला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं असं तेव्हा वाटलं होतं.

रक्त पडत होतं म्हणून मला भरती करून घेतलं.

त्या संध्याकाळी सासूबाई खाटेपासून दूर, दाराशी उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच म्हटलं, "मी तुले सांगून राहिली होती ना, दाखव म्हणून. काहून आयकलं नाही?" आणि दुसऱ्या दिवशी मितालीला घेऊन माझ्या नणंदेकडे दुर्गला निघून गेल्या.

वॉर्ड

बायकांच्या त्या वॉर्डात कडाक्याच्या थंडीतही खिडक्या उघड्या ठेवायचे. हवा खेळती राहिली पाहिजे, असं सिस्टरचं सांगणं होतं. आम्ही सगळ्या घोंगड्या कानावरून ओढून बसायचो. सकाळी रिकाम्या पोटी गोळ्या, त्या सिस्टरसमोरच गिळायच्या, मग मळमळ, मग चहा. लघवी केशरी झाली तेव्हा मी घाबरले होते. ती औषधामुळे होते हे शेजारच्या खाटेवरच्या सरोजने सांगितलं. ती धमतरीकडची, माझ्याहून लहान, आधीपासून तिथे होती.

वस्तीतल्या मुलांबद्दल मी सगळ्यात आधी सरोजला सांगितलं. सांगता सांगता रडू आलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "रो लो दीदी, पर उधर मुँह करके. सिस्टर देखेगी तो दोनों को डाँटेगी." मी भिंतीकडे तोंड करून रडले. नंतर तिने माझ्या डोक्याला तेल लावून वेणी घातली. कित्येक दिवसांत मला कोणी हात लावला नव्हता.

दिलीप ऑफिस सुटल्यावर डबा घेऊन यायचे आणि खिडकीबाहेर उभे राहायचे. एकदा म्हणाले, "मीही दिवसभर दवाखान्यातच बसून राहिलो. आमच्या सेक्शनमध्ये अजून सलाईन टांगायचे हूक आहेत." आम्ही दोघं हसलो. मग त्यांनी सांगितलं की तात्यापाऱ्यात, आमच्या मोहल्ल्यात, त्यांनी टायफॉइड झालाय असं सांगितलंय. मलाही तेच सोयीचं होतं.

मितालीशी फोनवर बोलणं व्हायचं. वॉर्डाबाहेरच्या बूथवरून मी मराठीत विचारायचे आणि ती हिंदीत उत्तर द्यायची. जेवलीस का म्हटलं की हाँ, आणि मग रोज तेच, मम्मी, तुम आ क्यों नहीं रही. तिच्या हातावर टीबीची सुई टोचली ती जागा फुगली होती. म्हणजे जंतू तिच्या अंगात शिरले होते. आजार झाला नव्हता, पण तो होऊ नये म्हणून तिला रोज गोळी घ्यावी लागणार होती. ते जंतू कोणाकडून आले हे मला कोणाला विचारावं लागलं नाही.

मॅडम भेटायला आल्या. खुर्ची खिडकीजवळ ओढून बसल्या. त्यांनी आधीच ठरवलं होतं की वस्तीतल्या ज्या ज्या मुलांना मी हाताळलं होतं त्या सगळ्यांची तपासणी करायची. पण ती वस्तीची नेहमीची तपासणी म्हणून. माझं नाव सांगायची गरज नाही, असं त्या म्हणाल्या. लोक घाबरले तर दारं बंद होतील, मुलांची तपासणीच राहून जाईल, अभ्यास तर जाईलच. त्यांचं म्हणणं वाईट हेतूचं नव्हतं. मला ते ऐकून इतकं हलकं वाटलं, की त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले. त्या जेवणाची मला अजून लाज वाटते.

सांगणं

घरी आले तेव्हा माझं ताट, पेला वेगळा ठेवलेला होता. भांड्यांनी हा आजार पसरत नाही हे मला माहीत होतं. तरी मी त्यातच जेवत राहिले.

मग मॅडमचा फोन आला. गौरीच्या मानेत गाठ होती, ताप येत होता, वजन पुढे सरकत नव्हतं. तपासणीत टीबी निघाला होता. तिला दवाखान्यात ठेवून सकाळी उठल्या उठल्या नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढावं लागलं होतं, कारण एवढं मूल थुंकी काढून देऊ शकत नाही, गिळून टाकतं. तिला दोघींनी धरावं लागलं, त्यातली एक दुलारी.

मॅडमनी आणखी एक सांगितलं. तपासणीला अर्धी मुलंही आली नव्हती. आयांचं म्हणणं, पोरगं तर खेळतंय, मग सुई कशाला टोचायची.

फोन ठेवल्यावर मला कळलं की आता गप्प राहून चालायचं नाही. त्या बायकांना तपासणीचं खरं कारणच कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्या धावत आल्या असत्या. मी दिलीपना म्हटलं, मी वस्तीत जाऊन सांगणार आहे. ते चिडले. आजवर आवाज न चढवणारा माणूस, पण त्या दिवशी चढवला.

"काहून? तुले कोणी विचारून राहिलं का? मॅडम करून राहिल्या ना सगळं. उद्या इथं पाऱ्यात समजलं तर मितालीले कोण घरात घेईन?"

मी म्हटलं, "आणि त्यातलं एखादं पोट्टं मागे राहून गेलं तर?"

मग त्यांनी विचारलं, कधी जायचं. माझी थुंकी साफ आल्यावर आणि डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आम्ही गेलो. मॅडमही आल्या. फोनवर मी त्यांना ठरवलेलं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, मी सोबत येते.

अंगणवाडीच्या अंगणात, उघड्यावर, बायका बसल्या. मी लांब उभी राहिले. भाषण पाठ केलं होतं, ते काही आठवलं नाही. मला टीबी झाला, मी तुमच्या घरात बसून खोकत होते, मला माहीत नव्हतं, पण खोकला होता हे माहीत होतं आणि मी दाखवलं नाही, म्हणून तुमच्या मुलांना एकदा तपासून घ्या, असं काहीतरी बोलले. कोणी ओरडलं नाही. पुढे बसलेल्या एका बाईने मुलाला उचललं आणि मागे जाऊन बसली. दुसरीने विचारलं, दीदी, तू आता बरी आहेस ना. तिला काय उत्तर दिलं ते आठवत नाही.

दुलारी सगळ्यात मागे होती, गौरी तिच्या कडेवर. माझं बोलणं संपायच्या आत ती उठून गेली.

पुढच्या काही दिवसांत राहिलेली सगळी मुलं तपासून झाली. काहींना मितालीसारख्या गोळ्या लागल्या. आजार मात्र गौरीशिवाय कोणाला निघाला नाही.

कोणाकडून

मी डॉक्टरांना विचारलं की गौरीला माझ्यामुळे झालं का. ते म्हणाले, त्या वस्तीत हा आजार आधीपासून आहे, शेजारच्याच खोलीतला एक माणूस औषधं अर्धवट टाकून गावी गेलेला आहे, त्यामुळे कोणाकडून आला हे सांगता येणार नाही.

मी म्हटलं, म्हणजे माझ्याकडून नाही, असंही सांगता येणार नाही.

ते म्हणाले, नाही.

त्यानंतर मी हा प्रश्न कोणाला विचारला नाही. ज्यांना असाच प्रश्न छळत असेल त्यांना माझ्याकडे उत्तर नाही. तो पोटात घेऊन गोळ्या खायच्या, भाजी निवडायची, ऑफिसला जायचं, एवढं करता येतं. काही दिवस ते बरं जमतं, काही दिवस मुळीच जमत नाही.

मॅडमनी मला टेबलावरचं काम दिलं. त्या वस्तीतली घरं त्यांनी अभ्यासातून काढून टाकली, कारण तिथलं सगळं बिघडलं होतं. ते शास्त्राच्या दृष्टीने बरोबरच होतं. पुढे जेव्हा मुलांच्या संगोपनाबद्दलचे निष्कर्ष एका सभागृहात वाचून दाखवले गेले, तेव्हा मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

घर

मिताली परत आली तेव्हा मी औषधांवर रुळले होते. माझ्यापासून आता कोणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. तरी ती जवळ आली की माझी मान आपोआप वळायची. तिच्याशी बोलताना मी भिंतीकडे बघायचे. पदर तोंडावर यायचा. वस्तीतल्या आयांना मी जे करायला सांगत होते त्याच्या नेमकं उलटं माझ्या घरात चाललं होतं, आणि मला ते कळतही होतं, पण मान ऐकायची नाही. मिताली आजीजवळ झोपू लागली.

सासूबाईंनी मला त्या एका वाक्यानंतर कधी बोल लावला नव्हता. एक दिवस दुपारी मितालीची गोळी कुस्करून मधात कालवता कालवता त्या म्हणाल्या, "आता तिले जवळ घेत जा. डॉक्टरनं सांगतलं ना? पोट्टी मले इचारून राहिली, मम्मी माझ्यावर रागावली का म्हणून."

त्या दिवशी त्यांनी माझं वेगळं ताट इतर ताटांत मिसळून ठेवलं. मी मितालीला जवळ घेतलं, पण पाठमोरी. तिच्या केसांत नाक खुपसून. समोरून घ्यायला आणखी वेळ लागला.

दुलारीकडे

रविवारी मी उरल्याला जायचे. दुलारीच्या दाराशी उभी राहून हाक मारायचे. ती आतून म्हणायची, "गौरी सोवत हे." म्हणजे झोपली आहे. आणि आतून गौरीच्या रडण्याचा नाहीतर डबा वाजवण्याचा आवाज येत असायचा. मी हव, म्हणजे बरं, म्हणायचे, बाहेरूनच औषध चालू आहे का विचारायचे, आणि निघायचे. असं बऱ्याचदा झालं. मी का जाते, असं दिलीप विचारायचे. त्याचं खरं उत्तर मला माहीत नव्हतं. तिने मला शिव्या द्याव्यात म्हणून असेल. तिने शिव्या दिल्या नाहीत, आणि दारही उघडलं नाही.

पुढे पुढे ती दार उघडू लागली. पडवीच्या टोकाला, उंबऱ्यापासून लांब, चटई टाकायची आणि मला तिथे बसवायची. गौरीला आतच ठेवायची. चहा द्यायची, पेला खाली ठेवून. आम्ही नळाच्या पाण्याबद्दल, तिच्या नवऱ्याच्या पाळीबद्दल बोलायचो. ती चटई मला अपमानाची वाटली नाही. मी तिच्या जागी असते तर चटईही टाकली नसती.

गौरीचं औषध संपलं त्याच्या पुढच्या रविवारी मी गेले, तेव्हा दार उघडंच होतं. दुलारी पडवीत तांदूळ निवडत होती. मी माझ्या ठरलेल्या जागी बसले. आत काहीतरी पडल्याचा आवाज आला आणि गौरी उंबऱ्यात आली. चालत. दोन्ही हात पुढे धरून, पाय फाकवून, भिंतीचा आधार सोडून. अंगावर मांस आलं होतं, मानेवर गाठीच्या जागी बारीक डाग होता. ती मला विसरली असणार असं मी धरून चालले होते. ती थेट माझ्याकडे येऊ लागली.

मी तोंड फिरवलं. पदर ओठांवर दाबला आणि रस्त्याकडे बघत बसले. ती आता जवळ आली असेल, दुलारी उठेल, तिला उचलून आत नेईल, याची वाट बघत राहिले. तांदळाच्या सुपाचा आवाज थांबला. दुलारी उठली नाही.

"मुँह ल काबर फेरथस, दीदी?" ती म्हणाली. तोंड का फिरवतेस. "लइका देखत हे."

मी पदर खाली घेतला आणि मान वळवली. गौरी माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती, डोलत, आणि खरंच माझ्या तोंडाकडे बघत होती.